हातावरचं ठिबक

धुळ्यात, देवपुरातल्या टॅटूवाल्यानं मला विचारलं, "तुम्हाला आयुष्यात काय पाहिजे?"

"मनःशांती," मी म्हणालो. खरं तर मला लग्न पाहिजे होतं, पण ते हातावर कसं काढणार?

त्यानं कोपराशी एक त्रिकोण काढला, त्यात डोळा. तिथून मनगटाकडे एक जाड सरळ रेघ, दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा आणि त्यांवर सारख्या अंतरानं ठिपके. सगळं काळ्या-करड्या छटेत. "रंग आला की अर्थ पळतो," तो म्हणाला. "डोळा म्हणजे जाणीव, ठिपके म्हणजे श्वास." मी इतका भारावलो की सुई टोचताना ओरडायचं राहून गेलं. ते घरी येऊन उरकलं.

आईच्या स्वतःच्या हनुवटीवर गोंदण आहे. तरी म्हणाली, "हाई काय करी उना रे? बठ्ठा हात काया करी टाका."

तिचंही बरोबर होतं, सगळा हात काळा झाला होता. लगेच जळगावजवळच्या असोद्याला मुलगी बघायला जायचं होतं आणि याआधीच्या स्थळांनी मला टॅटू नसतानाच नाकारलं होतं. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि आईला घेऊन निघालो.

मुलगी बघून झाली. मला आवडली. मग भरीत-पुरीचं जेवण. हात धुताना मुलीच्या वडिलांनी तांब्या उचलला आणि भिजू नये म्हणून माझी बाही स्वतःच कोपरापर्यंत सारली. आईनं डोळे मिटून घेतले.

ते बराच वेळ बघत राहिले. मग ओट्यावरच्या थोरल्या भावाला म्हणाले, "आबा, इकडे या बरं. पाहुन्यानं हातावर ठिबकचा नकाशा काढेल हाये."

आबांनी चष्मा लावून माझा हात वाचायला घेतला. "ही करडी मेन लाइन. ह्या काळ्या नळ्या. ठिपक्यातून पानी पडन. अंतर केयीच्या बागेचंच धरेल हाये."

"आन् हा डोया?" त्रिकोणावर बोट ठेवत वडिलांनी विचारलं.

"इहीर असन."

इथं नुसतं गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "पाइप काळे-करडेच असतात ना, म्हणून रंग टाळला."

झालं. त्यांच्या वावरात नवी केळी लावायची होती. थोड्याच वेळात मी बांधावर हात लांब करून उभा होतो.

"कोपर इहिरीकडे करा, पाहुने."

मी विहिरीकडे वळलो. मजूर माझ्या हाताकडे बघत जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढू लागले. मला शिंक आली. "हलू नका," आबा म्हणाले, "लाइन वाकडी जाईल." मनगटावर घड्याळ यायचं म्हणून शेवटची रेघ मी अर्धीच ठेवायला लावली होती. तिथं आबा अडले. "म्हंजे बांधाकडची झाडं तशीच कोरडी?"

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली, मागोमाग आई. मुलगी जळगावला कॉलेजात शिकलेली. तिनं फक्की पाहिली, मग माझा हात.

"हा टॅटू आहे," ती म्हणाली. "याचा अर्थ काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगितलं तर स्थळ जाणार. खोटं सांगितलं तर तिच्याशी बोललेलं पहिलंच वाक्य खोटं.

"मनःशांती," मी म्हणालो.

आबांनी फक्कीवाल्याला थांबवलं. "मंग पानी?"

"पाण्यातलं मला काही कळत नाही, आबा. मी धुळ्याला विमा विकतो."

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग आबा धाकट्या भावाला म्हणाले, "पोरगी द्यायची तं द्या. पन याले वावरात आनू नका."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. ती मला म्हणाली, "हात खाली घ्या आता. दुखला असेल."

त्या घरात होकार असा देतात हे मला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांना होतं. त्यांनी ट्रेमधला पहिला कप उचलून आईपुढे धरला.

"घ्या, विहीनबाई."