मॅडमचा राजीनामा

"मॅडमने बोला है, राजीनामा टाइप कर दो. लंच के बाद चाहिए." चेंबरचे कारकून मुंशीजी दारातूनच म्हणाले आणि निघून गेले.

मी हादरले. मॅडम म्हणजे सुनीताजी, माझ्या सीनियर वकील. दिवसा कोर्ट, संध्याकाळी वॉर्डातली गटारं आणि दिवे. त्या नगरसेविकाही आहेत. इथे जयपूरला पार्षद म्हणतात. आदल्याच दिवशी महापालिकेच्या सभेत त्यांचा माइक बंद केला होता. मला वाटलं, त्याचाच परिणाम. विचारायला हवं होतं. पण मला विचारण्यापेक्षा टाइप करणं सोपं जातं. महापौरांच्या नावे चार ओळी केल्या, चांगल्या इंग्रजीत.

चेंबरमध्ये मॅडमच्याच वॉर्डातले, राजा पार्कात राहणारे दोघे भाऊ बसले होते. वरच्या मजल्यावरचा थोरला आमचा क्लायंट. खालच्या धाकट्याने जिन्याच्या गेटला कुलूप लावलेलं. मागच्या लोखंडी शिडीवरून आईला उतरता येत नव्हतं, त्यामुळे तिचं डोळ्याचं ऑपरेशन अडलं होतं. फोनवर समझोता ठरला होता, पण धाकटा समोर येताच फिरला.

"पहले भैया माफ़ी माँगें."

"मैं बड़ा हूँ, मैं माँगूँ?"

मॅडमनी माझ्यापुढे हात केला. मी कागद दिला. त्यांनी तो वाचला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचला.

"लो भई, तुम्हारे चक्कर में मेरी पार्षदी गई. इस्तीफ़ा तैयार है."

धाकटा ताडकन उठला. "ये मत करना मॅडम! सीवर का काम आधा पड़ा है!"

"आधा कहाँ," थोरला म्हणाला, "अपनी गली में तो पाइप आया ही नहीं."

"वही तो, भैया!"

बऱ्याच महिन्यांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मॅडम म्हणाल्या, "सीवर दोनों की एक है. सीढ़ी भी एक कर लो."

धाकट्याने खिशात हात घातला. मग किल्ली टेबलावर ठेवली, थोरल्याकडे न बघता.

इथल्या कोर्टात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन लिहून दिलेली तडजोड. हे मला मॅडमनी सांगितलं, हसू आवरल्यावर. मी तो टाइप केला, दुपारी जजसाहेबांनी मंजूर केला, केस संपली. आईंचं ऑपरेशनही झालं. आता स्वच्छ दिसतं, म्हणून त्या जिन्यातल्या धुळीवरून दोघांनाही बोलतात.

अनोळखी शब्द मी आधीही डिक्शनरीत बघायचे. आता ओळखीचेही बघते.