दोन नग कमी

पंपदुरुस्तीच्या त्या कारखान्यात सुट्या भागांची खोली सांभाळणाऱ्या काकांना सगळे नाहीकाका म्हणत. काहीही मागा, पहिलं उत्तर 'नाही'. मेकॅनिकनं फारच तोंड पाडलं, की काका पुटपुटत मागच्या फळीवरून तीच वस्तू काढून देत.

गुपित साधं होतं. वहीत ते प्रत्येक वस्तू दोन नग कमी लिहीत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका रबरी सीलपायी इस्पितळाचा पंप चार दिवस अडकला होता. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून तीस वर्षं काम कधी अडलं नाही, आणि वही कधी खरी बोलली नाही.

आता मालकांच्या लेकीनं संगणक आणला. सोमवारपासून मोजणी. काकांचा जीव थाऱ्यावर राहिना. सांगावं तर खोटारडे, न सांगावं तर मोजणीत दडवलेले नग सापडून चोर! जेवताना बायको म्हणाली, "ताट चिवडत बसू नका. सांगून मोकळे व्हा."

सोमवारी त्यांनी सांगितलं. "बाळा, वही खोटी आहे."

"दोन कमी ना?" ती हसली. "बाबांना ठाऊक होतं. म्हणायचे, काका नाही म्हणाले, की दोन आहेत समजावं. हे बघा, इथे त्यालाही जागा आहे. किमान साठा. तेवढेच उरले, की आणखी मागवायची सूचना येते."

काकांनी पाहिलं. तीस वर्षांची हुशारी बोटभर चौकटीत मावली होती. आधी हायसं वाटलं, मग चक्क राग आला.

"कशाचे किती राखायचे, ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

नऊशे वस्तू, सहा दिवस. काका मोजत, सांगत. ती टाइप करी. पहिले दोन दिवस त्यांना हुरूप होता. मग सांगितलेला एकेक आकडा आपल्या हातून कायमचा गेल्यासारखा वाटू लागला. शनिवारी न राहवून त्यांनी विचारलं, "सगळं यात गेलं, की मी काय करायचं?"

"बघू ना, काका," ती मान वर न करता म्हणाली. तो 'बघू' त्यांना टोचला.

शेवटी रबरी सील उरले.

"किती आहेत?"

काकांनी मोजले. चौदा होते.

"बारा," ते म्हणाले, आणि दोन सील त्यांनी हळूच मागच्या फळीवर सारले.