उलटा आखलेला माग

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता, लग्नच केलं नाही मी. आणि देवाला? देवापुढे हात जोडले की मी घाईघाईने भलतंच काहीतरी बोलायला लागते. तुम्हालाच का सांगते आहे, विचाराल. माहीत नाही. तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणूनही असेल.

आधी जरा माझं कौतुक ऐकून घ्या. ते सोपं जातं मला.

चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आजोबांच्याही आधीपासून आम्ही इथले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. मी एका कचेरीत टायपिस्ट होते. तिथे मला कुणी हिंग लावून विचारत नसे. साहेबांना माझं नावसुद्धा आठवायचं नाही, टेबलावर टकटक करून बोलवायचे. पण शनिवार-रविवारी निळी साडी नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून मी शाळेच्या मैदानावर उभी राहिले ना, की बघायला हवं होतं! मुलींच्या गाईड पथकाची मी प्रमुख. पगार नाही, भत्ता नाही, हौसेचं काम. शिट्टी वाजली की सगळ्या मुली जागच्या जागी. गाठी मारणं, तंबू ठोकणं, जखमेला पट्टी बांधणं, सगळं मी शिकवलं त्यांना. ओरडायचेही खूप. पण ‘सुमन अक्का, सुमन अक्का’ करत मुली मागे-मागे असायच्या. त्या मैदानाबाहेर मी कोण होते हो? कुणीच नाही.

हे सबब म्हणून नाही सांगत. माझ्यापाशी गमावण्यासारखं काय होतं, तेवढं तुम्हाला कळावं.

त्या पथकात जयश्री होती. आमच्याच गल्लीतल्या विठ्ठलअण्णा टेलरांची थोरली. चौदा वर्षांची, सावळी, बारीक, बोलायला कमी — पण नजर! आमचा एक खेळ असायचा. ताटात वस्तू मांडायच्या, मुलींनी त्या मिनिटभर बघायच्या, मग वर फडकं टाकायचं आणि काय-काय होतं ते सांगायचं. बाकीच्या मुली डोकं खाजवत बसायच्या. जयश्री सगळं सांगायची, वर कुठल्या बटणाला दोनच भोकं होती तेही. मी तिला एका तुकडीची लीडर केलं. विठ्ठलअण्णा दुकानात गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, ‘आमच्या जयूच्या डोळ्यांतून सुई सुटत नाही.’

तिची धाकटी बहीण उमा. दहा वर्षांची, भलती चळवळी. तिला सहलीला पाठवायला तिच्या आई, वैनी म्हणायचो आम्ही त्यांना, तयार नव्हत्या. मीच त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला, म्हणाले, मी आहे ना! अण्णा म्हणाले, ‘तुमच्या भरवशावर हं, अक्का.’ हे वाक्य मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

आता त्या दिवसाचं. नाही, थांबा. आधी एक नियम सांगायला हवा, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला दिसणारच नाही.

माग काढायचा खेळ असतो. मोठ्या माणसाने आधी जाऊन रानात खुणा ठेवायच्या. दगडांचा बाण म्हणजे इकडे चला. काटक्यांची फुली म्हणजे इकडे जाऊ नका. शेवटी एक वर्तुळ आणि मधे एक खडा, म्हणजे खेळ संपला. मुली खुणा बघत-बघत येतात. आणि नियम असा की माग नेहमी मुली ज्या दिशेने चालणार, त्याच दिशेने आखायचा. शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटा, कधीही नाही. का? कारण दोन वाटा फुटतात ना, त्या उलट चालताना फुटलेल्या दिसतच नाहीत. तुम्ही आपले एका वाटेने येता, दुसरी कुठून येऊन मिळाली ते लक्षातही येत नाही. हा नियम मी मुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवला होता.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. शहराबाहेर, हेब्बाळच्याही पुढे तेव्हा नुसती नीलगिरीची झाडं आणि दगडांच्या खाणी होत्या, काही चालू, काही बंद पडलेल्या. माग जिथे संपणार होता तिथे एक लहानसं मारुतीचं देऊळ होतं. मी सकाळी एकटीच पुढे निघाले, पुळियोगरेचे, म्हणजे चिंचेच्या भाताचे, दोन जड डबे घेऊन. मुली मागून लीला टीचरबरोबर येणार होत्या, आधीच्या बसस्टॉपला उतरणार होत्या. आता मला खरं तर त्याच स्टॉपला उतरून माग आखत देवळापर्यंत जायचं होतं, आणि मग मुलींना सोडायला परत तिथे यायचं होतं. म्हणजे जड डबे घेऊन जायचं आणि वर दोन फेऱ्या. ऊन चढायला लागलं होतं. मी काय केलं? सरळ देवळापाशी उतरले, डबे पुजाऱ्याकडे ठेवले, आणि तिथून मागे-मागे येत खुणा ठेवल्या. एक फेरी वाचवली.

बस. एवढंच.

मी पोहोचले तेव्हा मुली येऊन उभ्या होत्या. जयश्रीची तुकडी सगळ्यात हुशार म्हणून मी तिलाच आधी सोडलं. उमाही त्याच तुकडीत. ‘सरी अक्का!’ म्हणत पळाल्यासुद्धा. बाकीच्या तुकड्या आपली पाळी बघत बसल्या. आणि थोड्या वेळाने जयश्रीच्या तुकडीतली एक मुलगी धावत परत आली. चप्पल तुटलेली, श्वास लागलेला. ‘उमा बिद्दळु, अक्का. उमा पडली. खाणीत पडली.’

मी धावले. वाटेत एक ठिकाण लागलं. आणि आता तिकडून येताना मला दिसलं की तिथे दोन वाटा आहेत. डावी देवळाची, मी आले ती. उजवी खाणीची. आणि सकाळी मागे वळून न बघता अंदाजाने लावलेला माझा बाण उजवीकडे होता. स्वच्छ, नीट मांडलेला, पांढऱ्या दगडांचा. पण थांबले नाही. पुढे गेले.

बंद पडलेली खाण. कडेला झुडपं वाढलेली, काठ कुठे संपतो ते कळत नव्हतं. उमा पुढची खूण आधी आपल्यालाच दिसायला हवी म्हणून पळत सुटली होती. खाली दगडांवर पडली होती ती, गुडघा नको तसा वळलेला. जयश्री खाली उतरून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. मी शिकवल्याप्रमाणे काठी लावून पाय बांधायचा प्रयत्न करत होती.

शेजारच्या चालू खाणीतल्या माणसांनी उमाला वर काढलं, लॉरीत घातलं. आणि इथे — इथून पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

लॉरीत मी बसायला हवं होतं. अण्णांनी मूल माझ्या भरवशावर सोडलं होतं. उमा माझा पदर धरून होती, ‘अक्का तुम्ही या, अक्का तुम्ही या.’ मी तिची बोटं सोडवली. म्हणाले, मला बाकीच्या मुलींना बघायला हवं. लीला टीचरना आणि जयश्रीला तिच्याबरोबर पाठवलं. सगळ्यांना वाटलं, काय डोकं शांत ठेवलंय अक्कांनी!

मी मागे राहिले ती मुलींसाठी नाही. त्या बाणासाठी.

मुलींना पुढे रस्त्याकडे पिटाळलं, आणि बाणापाशी बसले. बाणाचे दगड एक-एक उचलून डावीकडे फिरवले. मग नीलगिरीच्या दोन काटक्या मोडल्या आणि खाणीच्या वाटेवर त्यांची फुली ठेवली. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगडसुद्धा ठेवले. आधीच्या कुठल्याही खुणेपेक्षा ती फुली जास्त नीटनेटकी झाली. मी उठून साडी झटकली.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंना मी स्वतः तिथे घेऊन गेले. जयश्रीलाही; लीडर म्हणून खूण वाचायचं काम तिचं, बाकीच्या नुसत्या तिच्या मागे पळालेल्या. दवाखान्यात रात्रभर बसलेली पोर, डोळे सुजलेले. हेडबाईंनी बाण बघितला, फुली बघितली, आणि जयश्रीकडे बघितलं. जयश्रीने वाकून दगड बघितले. मग हळूच म्हणाली, ‘अक्का, बाण इकडे होता. फुली नव्हती.’

तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल? गप्प बसले असते तरी पुरलं असतं. नाही. मी माझी ती मैदानावरची ताठ मुद्रा केली आणि म्हणाले, ‘गाईडच्या वचनावर सांगतेस? हात वर करून सांग.’

तीन बोटांची शपथ असते आमची. तीही मीच शिकवलेली. गाईड खोटं बोलत नाही, हे मीच शिकवलेलं. जयश्रीने हात उचलला. तिने एकदा खुणेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलेन हे त्या पोरीच्या मनातही आलं नाही, आणि म्हणून — हात छातीपर्यंत आला आणि खाली गेला.

‘मग माझंच चुकलं असेल, अक्का,’ ती म्हणाली.

पथक चालू राहिलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उमाचा गुडघा डॉक्टरांनी तीन वेळा उघडला, पण पाय वाकला नाही तो नाहीच. जयश्रीचं गाईड त्याच आठवड्यात बंद झालं. आणि आमच्या गल्लीत घरं अशी चिकटून की समोरच्या घरात फोडणी पडली तर शिंक आपल्याला येते. रोज ऐकू यायचं मला. दूध उतू गेलं, की वैनींचा आवाज, ‘डोळे कुठं होते तुझे?’ उंबऱ्याला ठेच लागली, ‘डोळे कुठं होते?’ सुईचं ते वाक्य अण्णांनी पुन्हा कधी कुठल्या गिऱ्हाइकाला ऐकवलं नाही. जयश्री दुकानात बसून काज-बटणं करायची, आणि प्रत्येक बटण लावून झालं की उमाला दाखवायची, ‘सरळ आहे ना गं? नीट बघ ना.’ हे मी माझ्या खिडकीतून बघितलंय. खिडकी लावून घेतलीय.

तिचं लग्न ठरलं, हुबळीचं स्थळ. मी केळवणाला बोलावलं. हो, मीच! श्रीखंड केलं, पाट मांडले. उमाला खाली बसता येत नाही, म्हणून तिच्यासाठी खुर्ची आणायला उठले तर जयश्री माझ्याआधी धावली. ओटी माझ्या भावजयीने भरली. निघताना जयश्री माझ्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिचं तोंड दिसत नव्हतं मला.

‘अक्का, लग्नाआधी एकदा विचारायचं होतं. तुम्ही मला माफ केलंत ना?’

दारात उमा भिंतीला धरून चपला चढवत होती. भावजय आत गेली होती, दुसरं कुणी ऐकायला नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘केव्हाच केलं गं, वेडे.’

ती रडली. हलकं झाल्यासारखी रडली, डोळे पुसत हसलीसुद्धा, आणि गेली. तिला दोन मुलं आहेत आता. अजूनही घराला कुलूप लावलं की दुसऱ्या कुणाला तरी ओढून बघायला लावते, असं उमा मला हसत-हसत सांगते.

हे मी तिला सांगायला हवं, तुम्हाला नाही, ते कळतं मला. हुबळी काही लांब नाही. रात्रीची गाडी आहे. मी जाणार नाही. भ्याड होते, आहे.

बाण मी चुकीचा लावला होता. फुली मी नंतर ठेवली. जयश्रीने बरोबर बघितलं होतं.