मामाची टॉवेल-टोपी

माझं काम काय, हे आमच्या गावात कुणाला सांगायला घेतलं की चहा संपतो आणि वाक्य शिल्लक राहतं. हुद्द्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. संघर्ष आणि शांतता या विषयातली सल्लागार, असा त्याचा अर्थ. कुठंतरी दूरच्या मुलखात मदतीतून विहीर होणार असते, नाहीतर दवाखाना. ती विहीर या टोळीच्या अंगाला खोदली तर त्या टोळीचं पोट दुखेल का, हे मी आधी जाऊन बघायचं. मदत करायला गेलो आणि मारामारी लावून आलो, असं होऊ नये म्हणून. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका तंबूत बसवायचं, मध्ये दुभाष्या ठेवायचा आणि आपण कुणाच्याच बाजूला झुकायचं नाही. मोहोळजवळच्या आमच्या गावानं या सगळ्याचं एका ओळीत भाषांतर केलंय: "बाई भांडणं मिटवायला विमानानं जाती."

त्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "हितली संपली व्हय?"

मी हसते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. रोज एसटीनं सोलापूरला जाऊन मी पदवी घेतली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. थोडा लपवला असता तर त्या उन्हाळ्यात ते प्रकरण माझ्या गळ्यात पडलं नसतं.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात झाला. आमच्याकडं अशा वेळी मानाच्या माणसांना फेटा बांधतात, आणि नवरीचा मामा म्हणजे पहिल्या मानाचा. भावानं माणसं मोजून फेटे आणले होते. पण ऐन वेळी एक पुढारी, कुणी न बोलावता, आपल्या माणसांसकट आले. पुढारी दारात दिसला की माझ्या भावाचे हात आपोआप जोडले जातात, त्यानंतर डोकं चालत नाही. सगळे फेटे त्या मंडळींच्या डोक्यावर गेले. अक्कलकोटपलीकडच्या, कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीहून आलेल्या मामाची पाळी आली तेव्हा ताटात टॉवेल-टोपी उरली होती. ज्या शहरातून अख्ख्या मुलखाला टॉवेल जातात, त्या शहरात माणसाला बोलावून टॉवेल दिला.

मामानं टोपी डोक्यावर ठेवून घेतली, हात जोडले, जेवला आणि गेला. आठवडाभरानं निरोप आला: लग्नाला जमायचं नाही, उन्हाळी शेंगा काढायला आल्यात.

मामाशिवाय लग्नं होत नाहीत असं नाही. पण मुलीला हाताला धरून खोलीतून बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. शिवाय हा मामा साधा नव्हता. भाचीच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मैंदर्गीत गेल्या. सायकल तिला त्यानंच शिकवली. ती पडली की तो सायकलीला चापट मारायचा. भाची मला एकदम शांत आवाजात म्हणाली, "आत्या, मामा न्यायला आला तर मी खोलीतून उठणार. नाहीतर अक्षता तुम्ही एकमेकांवर टाका."

तिची आई, म्हणजे माझी भावजय, भांडी जोरात ठेवत होती.

भाऊ एकदा मैंदर्गीला जाऊन आला होता. म्हणाला, "राग न्हाईच म्हणाला. चांगलं जेवू घातलं, पान दिलं, गाडीपर्यंत सोडाय आला."

"टोपीचं बोललास का?"

"टोपीचं कसं बोलायचं? ते बोलायचं नसतंय." मग त्याला सुचलं. "तूच जा की. तू हेच करतीस न्हवं? एकदा घरच्यासाठी करून बघ."

गेले. अक्कलकोटच्या गाडीत बसून पद्धतशीर विचार केला. कुणाला काय मिळालं, कुणाला मिळालं नाही, आणि ते कुणाकुणाच्या देखत? परदेशात हा प्रश्न मी प्रत्येक विहिरीला विचारते. फेट्यांना तो कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा त्या दिवशी पुढच्या ओळीत बसून गुलाबजाम खात होते.

शेंगांचं कारण खोटं असणार असं धरून मी गेले होते. अंगणात शेंगांचा हा ढीग. मामा वेल झोडत बसलेला.

"या की ताई. लई दिसानी वाट चुकलाव."

मी बसले, पाणी प्यायले आणि कामाला लागले. आमच्या धंद्यात आडून बोलत नाहीत; दुखावलेल्या माणसाला त्याची गरज सरळ विचारतात. मी विचारलं, "पावणं, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"मला? काय न्हाई की. द्येवानं दिलंय."

"म्हणजे साखरपुड्यात तुमचा मान राखला गेला नाही, असं तुम्हाला वाटतंय."

"मी कवा म्हणालो?"

असं समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडलं की माणूस मोकळा होतो, असं मी कितीतरी लोकांना शिकवलंय. मामा मोकळा झाला नाही. त्यानं मामीकडं बघून कन्नडमध्ये एक लांबलचक वाक्य टाकलं. मला कन्नड येत नाही. परदेशात ऑफिस मला दुभाष्या देतं, आणि इथं माझ्याच जिल्ह्यात मी मामीच्या तोंडाकडं बघत बसले.

"काय म्हणाले?"

"चा घेणार का इचारत्यात," मामी म्हणाली. एवढ्या वेळात चहा उकळून झाला असता.

मग मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "हे बघा, मी तुमच्याही बाजूनं नाही आणि भावाच्याही बाजूनं नाही."

मामानं मान वर केली. "मग आलाव कशाला? कुणाच्याच बाजूची नसलेली माणसं एसटीत लई भेटत्यात. पोरीची आत्या हाय म्हणून मी वेल खाली ठिवून बसलो हितं."

या वाक्यावर दूरच्या देशात मी वहीत काहीतरी टिपून घेतलं असतं. मैंदर्गीच्या त्या उन्हात माझं डोकंच फिरलं. "बरं, आत्या म्हणूनच बोलते! एका टोपीपायी पोरीला रडवताय, लाज नाही वाटत?"

टोपी हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. मामीनं पदर तोंडाला लावला. शेजारची बाई कुडावरून डोकावली आणि डोकावलेलीच राहिली.

मामा उठून उभा राहिला. "टोपीपायी? अवो, फेटा नीट बसावा म्हणून आदल्या दिवशी केस कापून आलतो मी! अख्ख्या गावाला सांगून आलतो. परत आलो तर न्हावीच म्हणतोय, फोटू दाव की मर्दा. काय दावू? टॉवेल?"

"मग ते मला का ऐकवताय? माझ्या भावाला ऐकवा! त्याची अक्कल लहानपणापासून तेवढीच आहे. ज्या पुढाऱ्याला तुमचा फेटा बांधला, त्याला याचं नावसुद्धा माहीत नाही. बिनडोक आहे तो, बिनडोक!"

"ओ ताई." मामानं बोट वर केलं. "दाजींना काय बोलायचं न्हाई."

"माझा भाऊ आहे, मी बोलणार."

"तुमचा भाऊ तुमच्या घरी. ह्या घरचं ते जावई हायत. ह्या अंगणात जावयाला कुणी बिनडोक म्हणायचं न्हाई."

"मग तुम्ही म्हणा एकदा! मनात तर रोज म्हणताय."

कुडावरची बाई खिदळली. मामी तर आत पळाली. मामा खाली बसला, वेल हातात घेतली आणि आतल्या दिशेनं कन्नडमध्ये एकच शब्द बोलला. त्या एका शब्दाचं भाषांतर म्हणून माझ्यापुढं कडक भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगांची चटणी आणि दही असं भरलेलं ताट आलं.

निघताना तो म्हणाला, "पोरीला सांगा, बघतो म्हणून."

घरी भाऊ दारातच उभा होता. "बघतो म्हंजी व्हय का न्हाई?"

"बघतो म्हणजे बघतो."

"आन् ह्याचा तुला पगार देत्यात?"

लग्नाच्या दिवशी भावानं कसर ठेवली नाही. सगळ्यात भारी फेटा वेगळा काढला, बांधणारा माणूस मांडवाच्या दाराशी उभा केला आणि त्याला सांगून ठेवलं की कुणीही पुढारी आला तरी हा फेटा सोडायचा नाही. मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी माइकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." कुणी आलं नाही. परत पुकारा झाला. पाहुण्यांच्या मुठीत अक्षता ओल्या होऊ लागल्या. खोलीत भाची मुंडावळ्या बांधून पाटावर बसून होती, आणि तिनं खरंच उठायचं नाव घेतलं नाही. भावजय दाराकडं पाठ करून उभी. एक चुलतभाऊ मध्येच म्हणाला, मामाच्या जागी मी उभा राहतो. भाचीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पाणी आणायला निघून गेला.

तेवढ्यात मामा आला. धुवट पांढरा सदरा, पांढरं धोतर, नवी चप्पल. खांद्यावर तोच टॉवेल. डोक्यावर तीच टोपी.

फेटेवाला पुढं धावला. मामानं त्याला हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. मला मिळालीया की."

भावाच्या हातात तो भारी फेटा तसाच लोंबकळत राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. आता यावर काहीतरी सल्ला दे, असं ते बघणं होतं. ती टोपी आता लग्नाच्या प्रत्येक फोटोत, शूटिंगमध्ये, पोरांच्या मोबाइलमध्ये नवरीच्या बरोबर मागं कायमची येणार होती, आणि तिला कुणी काही म्हणू शकणार नव्हतं. मामानं आपला फोटो मिळवला होता.

तो खोलीच्या दारात आला. बहिणीकडं बघून त्यानं नाक ओढलं. भाचीपुढं हात केला. ती उठली. दोन पावलं टाकून थांबली, मेंदीचा हात वर केला आणि त्याची टोपी सरळ केली.

"वाकडी झालती," ती म्हणाली. "फोटोत चांगली दिसायला पाहिजे ना."

बोहल्याकडं जाताना तो माझ्या शेजारून गेला. चाल न मोडता, समोर बघतच म्हणाला, "ताई, पंगतीला शेजारी बसा. अजून निम्मं बोलायचं ऱ्हायलंय."