मानेतल्या पाणगाठी

कान-नाक-घशाच्या ओपीडीत किस्से शोधावे लागत नाहीत, ते केसपेपरसोबतच येतात! त्यात मानेतली लसिकेची गाठ, म्हणजे शरीरातलं एक प्रकारचं पाणी पिशवीत साचून झालेली, ही फार क्वचित दिसते. आली की मला बसू देत नाही. शहाद्यात इतकी वर्षं काढली, तरी तेच.

*

एक शेतकरी आजोबा नातीला घेऊन आले. मानेवर लिंबाएवढी मऊ गाठ. कुणीतरी टीबी सांगितलेला. मी खोलीतला लाइट घालवून गाठीला टॉर्च टेकवला. गाठ आरपार लालसर उजळली. टीबीची गाठ अशी उजळत नाही! मी खूश, आजोबा मात्र दचकून मागे.

"बाई, पोरना गयामा दिवा कोनी लावा?"

गळ्यातल्या त्या दिव्यात सोनोग्राफीतही पाणीच निघालं.

*

गाठीतलं पाणी काढून आत औषध सोडलं की ती आधी सुजते, मग हळूहळू आटते. एका गुरुजींना त्यांच्या मुलीसाठी हे तीनदा सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सात फोन!

"मॅडम, सुजली!"

"मी सांगितलं होतं ना?"

"हो, लिहिलंय. पण लिहिताना एवढी मोठी वाटली नव्हती!"

फोन ठेवला आणि मलाच चैन पडेना. आठवा फोन मी लावला. "श्वास नीट आहे ना तिचा?"

गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुम्हीपण घाबरलात?"

*

कॉलेजची एक मुलगी भर मे महिन्यात गळ्याला स्कार्फ गुंडाळून यायची. गाठ आटली, स्कार्फ सुटला. पुढच्या तपासणीला आली ती वैतागूनच.

"मॅडम, आता लोक बोलताना माझ्या तोंडाकडे बघतात. सवयच नाही हो!"

*

अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली एक आई. दीड वर्षाच्या लेकीची गाठ इंजेक्शनांनाही दाद देईना, श्वासनळीवर दाबू लागली. सुरतहून लहान मुलांचे सर्जन बोलावून ऑपरेशन ठरवलं. आवाजाची नस गाठीला अगदी लागून होती. आमच्या सुनंदा सिस्टरनी तिच्या पावरी बोलीत समजावलं, "गाठ निघेल, पण आवाज जाऊ शकतो." आईनं संमतीच्या कागदावर अंगठा उठवला आणि ती ऑपरेशन थिएटरबाहेर जमिनीवर बसली.

ऑपरेशन झालं, श्वासासाठी घातलेली नळी निघाली. पोर आईजवळ वॉर्डात आली, पण गुंगीतच. मी चहा मागवला, तसाच ठेवला. वॉर्डात पाच चकरा झाल्या.

आणि एकदम पोरीनं असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड उठून बसला!

सिस्टर धावल्या. "अगं, गप्प कर तिला, टाके ओढले जातील!"

आईनं त्यांचा हात धरला.

"बाई, रडू दे. थोडं अजून."