आधारकार्डासोबत ठेवलेली लिंक

आमच्या यांच्या पायाला भिंगरी आहे, हे मी लग्नाआधीच ऐकलं होतं. नाव सतीश. शहापुरात आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. सापगावपासून पार सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत कुणाचीही हळद असो, हे कॅमेरा गळ्यात घालून हजर. घरी चहासुद्धा उभ्यानं पितात. मी म्हणते, खुर्ची चावते का तुमाला?

पूर्वी सीडी द्यायचे. मग व्हिडिओ ड्राइव्हवर चढवून लिंक द्यायला लागले. आता ती लिंक म्हणजे मारुतीचं शेपूट. डोंगराकडे नेटचा पत्ता नाय, मग लोकं ती कागदावर उतरवून घेणार आणि फोन लागला की मुंबईच्या पाहुण्यांना वाचून दाखवणार. एक अक्षर चुकलं की यांच्या नावानं शंख. शेवटी यांनी लिंक आखूड करायला घेतली. नवरीचं नाव, पुढे साल, बस. तेवढं कागदावर छापून फोटोसोबत द्यायचं. म्हाताऱ्या बायकासुद्धा पाठ म्हणायच्या, आणि हे कॉलर ताठ करून फिरायचे.

गेल्या महिन्यात मुरबाडकडून दोन गाड्या बदलून गिरजामावशी दुकानात आल्या. त्यांच्या लेकीच्या, अक्षदाच्या लग्नाचं शूटिंग तीन वर्षांपूर्वी यांनीच केलेलं. मावशींचा नवरा महिपत दिवाळीत वारला. मावशींनी पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली. आत नवऱ्याचं आधारकार्ड आणि आमचा तो कागद.

"हलदीला ते बोलले व्हते ना, तो आवाज आयकायचाय. पोरींनी लावून बघितला, लागत नाय."

यांनी लावलं. लिंक उघडली, आत फाइलच नाही. यांचा चेहरा पांढरा पडला. शिमग्याला ड्राइव्ह भरला म्हणून यांनी जुनी लग्नं सरसकट उडवली होती. एव्हाना सगळ्यांनी व्हिडिओ आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतले असतील असं धरून चालले. मावशींनी काय उतरवायचं? त्यांच्या लेखी लग्न त्या कागदातच होतं, आणि कागद त्यांनी जिवापाड जपला होता.

"नेट नाय आज," हे धडधडीत खोटं बोलले. "मी घरी घेऊन येतो, मावशी." त्या निघून गेल्यावर मी यांना असं काय बोलले की शेजारचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला. राग येणार नाय तर काय. मेलेल्या माणसाचा आवाज पुसला होता यांनी.

मग सुरू झाली धावपळ. जुन्या हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्डं, सगळं पालथं घातलं. मांडववाला सावळाराम झाला, बँडवाला साईनाथ झाला. हे जेवत नव्हते, एका जागी पाच मिनिटं टिकत नव्हते. मलाही बघवेना. तिसऱ्या दिवशी मावशींच्या जावयाच्या बहिणीकडे, निशिगंधाकडे, सापडलं. स्टेटसला ठेवायला तिनं त्याच व्हिडिओतला तुकडा कापून घेतला होता. चौदा सेकंदांचा.

यांना एकट्यानं जायची हिंमत होईना, म्हणून मी गेले सोबत. ओटीवर उभ्या उभ्याच यांनी सांगून टाकलं, "मावशी, व्हिडिओ मी पुसला. एवढाच रायलाय." यांनी तो तुकडा लिंकबिंक न करता थेट त्यांच्याच फोनमध्ये टाकला आणि मी लावला.

मांडवात महिपतकाका हळदीनं माखलेले, हात हलवत ओरडतात, "आरं, कुनी उपाशी जायाचा नाय. जेवल्याबिगर गेलात तर बगा."

मावशींनी दोनदा ऐकलं. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या, नायतर आमचं तोंड बघायचं नाय म्हणून गेल्या. हे चपला घालून निघायच्या तयारीतच होते. तेवढ्यात मावशी दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. भात, वालाचं कालवण.

"बसा," म्हणाल्या. "त्यांनी सांगितलाय ना."

यांनी चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. खाली मान घालून जेवले. ताट रिकामं झालं तरी उठले नाहीत.