नावं मागणारा ठराव

आणीबाणी उठून काही महिने झाले होते आणि आमच्या गावाला बोलण्याचं वेड लागलं होतं. सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, चहाच्या गाड्यावर, जिथं दोन माणसं उभी राहतील तिथं वाद सुरू व्हायचा. दीड-दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मूळची साताऱ्याची. कराडला औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या गावात मेडिकलच्या दुकानात नोकरीला लागले. तिथं माझी मावशी राहायची, म्हणूनच घरच्यांनी पाठवलं.

दुकानाचे मालक साठीचे होते. मी त्यांना काका म्हणत असे. गावात औषधाची तीन दुकानं होती, पण बाईमाणूस फक्त आमच्याच दुकानात होतं. आधी ज्या बायका नवऱ्याला नाहीतर दिराला औषध आणायला पाठवायच्या, त्या आता स्वतः यायच्या, फळीच्या टोकाशी उभ्या राहून हळू आवाजात विचारायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायची काही औषधं असतात. ती विकली की गिऱ्हाइकाचं नाव, गाव, डॉक्टरांचं नाव आणि औषध एका जाड रजिस्टरात लिहायचं, हे माझं काम. वर्षातून एकदोनदा सांगलीहून औषध निरीक्षक यायचे, रजिस्टर चाळायचे, सही करून जायचे. त्या रजिस्टरावरून कधी गाव पेटेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पेटलं ते एका नगरसेवकामुळे. ते पेशानं वकील, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ आदल्या वर्षी झोपेच्या गोळ्या जास्त घेऊन वारला होता. त्यानं तीन डॉक्टरांकडून तीन चिठ्ठ्या घेतल्या होत्या आणि तीन दुकानांतून गोळ्या नेल्या होत्या. तिन्ही दुकानांनी इमानदारीनं नाव लिहिलं होतं. पण तिन्ही रजिस्टरं कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. वकीलसाहेबांनी ती नंतर पाहिली. मग त्यांनी नगरपालिकेत ठराव मांडला: गावातल्या प्रत्येक औषध दुकानानं झोपेच्या आणि मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या गिऱ्हाइकांची यादी दर महिन्याला नगरपालिकेत द्यावी, आणि राज्यभर असाच कायदा करावा अशी सरकारकडे शिफारस करावी.

खरं सांगायचं तर ठराव ऐकला तेव्हा मला तो पटला होता. त्यांच्या भावाला गोळ्या देणाऱ्या तीन दुकानांत आमचंही एक होतं, आणि त्याचं नाव माझ्याच अक्षरात होतं. तो हसतमुख मुलगा मला चांगला आठवत होता. एवढी एक यादी असती तर, असं मलाही वाटत होतं.

पण गावानं दुसराच शब्द पकडला. 'यादी'. आणीबाणीत नसबंदीसाठी माणसांच्या याद्या झाल्या होत्या, आणि त्यांची भीती अजून अंगातून गेली नव्हती. विरोधी गटातले एक नगरसेवक हायस्कूलमध्ये मास्तर होते. ते चौकात उभे राहून सांगू लागले की आज गोळ्यांची यादी, उद्या कोण कुठलं पुस्तक वाचतो त्याची. वकीलसाहेबांची माणसं उलट विचारायची, की जीव वाचत असेल तर नाव द्यायला काय हरकत आहे. घरी जेवताना मावशी एका बाजूला आणि दुकानात काका दुसऱ्या बाजूला. मी मधे राहून दोघांचंही ऐकायची आणि दोघांचंही पटायचं. असे दिवस मी पुन्हा अनुभवले नाहीत. आपण जे काम मान खाली घालून करतो, त्यावर सगळा गाव बोलतो आहे, याचीच एक धुंदी होती.

ठराव नगरपालिकेच्या सभेत मताला येणार होता, त्या सभेच्या आधीच्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. पूर्वी मेंढरांमागे फिरणारं, आता कोरडवाहू शेती करणारं त्यांचं कुटुंब. त्यांच्या थोरल्या मुलीला फेफरं येत असे. त्या दर महिन्याला बाजाराच्या दिवशी तिच्या गोळ्या न्यायच्या. त्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांच्याच जातीतल्या, म्हणजे ठरावातल्या यादीत येणाऱ्या. त्या दिवशी बाजार नव्हता, गोळ्याही न्यायच्या नव्हत्या. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून त्यांनी विचारलं, "ताई, वहीतलं पोरीचं नाव खोडता यायचं न्हाई का?"

मी म्हटलं, खोडता येत नाही, पण वही मी कुणाला दाखवत नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा पलटणीत आहे. त्यांच्याकडं फेफऱ्याचं सांगितलेलं नाही. आणि मुलाचा चुलता आमच्याच नगरपालिकेत शिपाई आहे. यादी त्याच्याच हातून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणार होती.

त्या गेल्यावर मी रजिस्टर उघडून बसले. पान उलटलं की एक घर दिसायचं. बाळंतपणानंतर मन उदास झालेली कुणाची सून, लढाईवरून आल्यापासून झोप न येणारा निवृत्त सुभेदार, शाळेतल्या एक बाई. मी ही नावं नुसती उतरवत आले होते. त्या दुपारी ती पहिल्यांदा वाचली. संध्याकाळी मी काकांना सांगितलं की ठराव चुकीचा आहे.

काका म्हणाले, "मग सभेत तू बोल. दुकानदारांतर्फे एकाला बोलायला दिलंय. रजिस्टर तू लिहितेस, मी नाही."

मी कॉलेजातसुद्धा कधी व्यासपीठावर गेले नव्हते. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही, पण ते भीतीनं नव्हे. सारखं काहीतरी सुचत होतं. औषधाच्या पाकिटांवर, जुन्या कॅलेंडरच्या मागे मी मुद्दे लिहीत होते. गोळ्या मोजता मोजता तोंडातल्या तोंडात भाषण चालायचं, आणि गिऱ्हाइकं विचारायची, "काय म्हणालात?"

सभा बाजाराच्या दिवशीच दुपारी तीनला होती. काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही निघालो. नगरपालिकेच्या सभागृहात लोक खिडक्यांच्या गजांना धरून उभे होते. बाजाराला आलेली माणसंही पिशव्या घेऊन शिरली होती. वकीलसाहेब आधी बोलले. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. भावाचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले की तीन कागद एकत्र आले असते तर कुणीतरी माझ्या घराचं दार वाजवलं असतं. मास्तर उठले. त्यांचं भाषण जोरदार झालं, टाळ्याही पडल्या, पण त्यांनी वकीलसाहेबांच्या भावाचं नावही काढलं नाही, आणि ते मला आवडलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. तोंड उघडलं आणि शब्द आपोआप आले. मी म्हटलं, नाव लिहायला माझी हरकत नाही, ते मी रोज लिहिते. पण दुकानातलं रजिस्टर दुकानात राहतं. यादी मात्र कारकुनाकडे जाणार, टंकलेखकाकडे जाणार, शिपाई ती उचलणार, कपाटात ठेवणार. ज्याच्या नावापुढे औषध लिहिलंय त्याला यातलं काहीच कळणार नाही. अशानं लोक डॉक्टरकडे जायचेच बंद होतील.

वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण माझ्या भावाचं काय? यादी असती तर तो वाचला नसता, असं तुम्ही म्हणू शकता?"

मी म्हटलं, "नाही म्हणू शकत."

मग मी सुचवलं की तिन्ही दुकानांनी आपापसात विचारपूस ठेवावी. त्यावर ते लगेच म्हणाले की दुकानदारांनी एकमेकांना सांगायचं, तर मग तुमची गुप्तता राहिली कुठं? चार दिवस तयारी केली होती, पण हा मुद्दा माझ्या एकाही पाकिटावर नव्हता. गंमत म्हणजे तेव्हाही मला तिथून पळावंसं वाटत नव्हतं. प्रश्नच इतका खरा होता.

तेवढ्यात मागून बायकांच्या बाजूनं कुणीतरी उठलं. बघते तर त्याच बाईंची थोरली मुलगी. मायलेकी गोळ्या न्यायला आल्या होत्या. दुकान बंद दिसलं, शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं की ताई सभेला गेल्यात, म्हणून त्या मला शोधत इथं आल्या होत्या. आई तिचा पदर ओढून खाली बसवत होती. नगराध्यक्ष म्हणाले की प्रेक्षकांना बोलता येत नाही. पण वकीलसाहेबच म्हणाले, "बोलू द्या. यादीत नावं लोकांचीच यायची आहेत."

मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. ती कुणाकडं न बघता बोलली.

"मला फेपरं येत हुतं. गोळी घेती, दोन वर्सं आलं न्हाई. हे मी सांगीन, ज्याला सांगायचं त्याला. तुमच्या कागदानं माझ्या आदी का सांगायचं?" मग माझ्याकडं वळली. "आन् ताई, तुमी माझ्यासाटी लपवाय निगालाय, ते बी मला कुनी इचारलं न्हाई."

मुलाचा चुलता, तो शिपाई, पाण्याचे पेले घेऊन भिंतीशी उभा होता. मुलीची आई तोंडाला पदर लावून बसली. आणि मी? मला एकाच वेळी लाज वाटली आणि अंगावर काटा आला. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, पण माझं सगळं भाषण तिच्यावरच तर उभं होतं. तिला न विचारता.

पुढचा अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. नगराध्यक्ष टेबल आपटत होते. शेवटी वकीलसाहेबांनीच आपला ठराव बदलला. यादीचं कलम त्यांनी काढून टाकलं. औषध दिलं की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारायची, म्हणजे तीच चिठ्ठी दुसरीकडे चालणार नाही. आणि संशय आला तर आधी त्या माणसालाच विचारायचं, मग त्याच्या डॉक्टरांना. हात वर करून मतदान झालं आणि ठराव मंजूर झाला. मास्तरांनीही हात वर केला. जिन्यात वकीलसाहेब मला म्हणाले, "हे पुरेसं नाही, मला माहीत आहे. भावाकडे चिठ्ठ्याच तीन होत्या." मी म्हटलं, मलाही माहीत आहे. बदललेल्या ठरावाबरोबर सरकारकडे गेलेल्या शिफारशीचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

मायलेकींना मी दुकान उघडून गोळ्या दिल्या. आई पैसे ठेवून तडक बाहेर पडली. मुलगी मात्र शिक्का मारून घ्यायला विसरली नाही.

शिपायानं त्याच दिवशी घरी सगळं सांगितलं. मुलाचा बाप संतापला आणि लग्न मोडायचं म्हणून थेट वकीलसाहेबांकडेच सल्ला घ्यायला गेला. फेफरं असलं तर तेव्हाच्या कायद्यानं लग्न रद्द करून घेता यायचं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. वकीलसाहेबांनी त्याला बसवून चहा पाजला आणि सांगितलं की त्या कायद्यानं तक्रार करायचा हक्क नवऱ्याचा आहे, सासऱ्याचा नाही. हे काकांना त्यांनीच हसत हसत सांगितलं.

पंधरा दिवसांनी दुकानात एक जवान आला. सुट्टीवर आलेला, केस बारीक कापलेले, पाठ ताठ. त्यानं विचारलं, "आवं ताई, ही गोळी किती वर्सं घ्यावी लागती?"

तो कोण ते मी ओळखलं. म्हटलं, दुसऱ्याच्या औषधाबद्दल मी काही सांगणार नाही, जिची आहे तिला विचारा.

त्यानं खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून फळीवर ठेवली. तिच्यावर माझाच शिक्का होता. "तिनंच धाडलंय. म्हनली, जाऊन नीट इचारून या. मिलिटरी हास्पिटलात मिळंल का ही?"

मी त्याला फळीच्या आत खुर्ची दिली आणि जेवढं माहीत होतं ते सगळं सांगितलं. गोळी एकदम बंद करायची नाही, जागरण टाळायचं, झटका आला तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. गरोदरपणाच्या आधी डॉक्टरांना भेटायचं. तो हे सगळं आदेश घ्यावा तसं ऐकत होता आणि मधेच पुन्हा म्हणून दाखवत होता. तो गेला तेव्हा काका हसून म्हणाले की आज तू गोळी विकली नाहीस आणि तरी दुकान भरल्यासारखं वाटतंय.

लग्न झालं. मुलाचा बाप शेवटपर्यंत फुगून होता, पण अक्षता टाकायला उभा राहिला. मी गेले होते. नवरीनं मला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "ह्या माझ्या औषधाच्या ताई." आसपासच्या चार बायकांनी लगेच विचारलं, कसलं औषध? तिनं सांगितलं. मोठ्यानं.

मला मात्र त्या सभेनं कायमची चटक लावली. पुढची दोन वर्षं मी एकही सर्वसाधारण सभा चुकवली नाही. मागं बायकांच्या बाजूला जाऊन बसायची. एकदा नळाच्या पाण्याच्या वेळांवर बोलायची परवानगी मिळवली, आकडे काढले, नकाशा काढला, आणि वकीलसाहेबांनी माझ्या मुद्द्यांचा पाच मिनिटांत फडशा पाडला. घरी येऊन मावशीला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि सांगता सांगता कुठं चुकलं ते सापडलं.